गप्पीदासाची भुवई

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी पक्षिमित्र मंडळ जमायचं. थंडीत तर एकही रविवार चुकायचा नाही. कोणी काय पाहिलं ते उभं राहून सांगायचं, आणि पटलं तर वेलांटीकाकांनी ते मंडळाच्या वहीत शाईने लिहायचं. वेलांटीकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला हा माणूस दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की रस्त्यात थबकायचा. म्हणून लोकांनी ते नाव चिकटवलं होतं.

त्या रविवारी मीटरवाला उभा राहिला. घरोघरी फिरून विजेच्या मीटरवरचे आकडे टिपायची त्याची नोकरी. मंडळात येऊन वर्षही झालं नव्हतं.

"जुन्या पंपघरामागे, पाणथळीतल्या बोरूच्या बेटात. मंगळवारी दुपारी. बोरू गप्पीदास."

सगळ्यांच्या माना वळल्या. या पक्ष्याची वहीत एकच नोंद होती, बावीस वर्षांपूर्वीची, आणि ती घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींची. दर थंडीत घड्याळजी ती गोष्ट सांगत. गोष्टीत धुकं असे, चिखलात रुतलेली चप्पल असे. पक्षी तसा थोडाच असे.

"या महिन्यातला हा तुमचा पाचवा दुर्मिळ पाहुणा," घड्याळजी म्हणाले. "आम्ही काय इतकी वर्षं डोळे मिटून हिंडलो?"

"मी रोज ऐंशी मीटरं बघतो, घड्याळजी. परसदारं, बोळ, गच्च्या. दिसतात."

"मीटरवाले घरबसल्या आकडे टाकतात म्हणे. पक्ष्यांचंही तसंच का?"

"गप्पीदासालाच गप्पीदास दिसायचा!" मागून कोणीतरी म्हणालं आणि खोली हसली. मीटरवाल्याचे कान लाल झाले.

"खुणा सांगा," वेलांटीकाका हळूच म्हणाले.

"पाठ करडी. डोळ्यावरून काळी पट्टी. आणि तिच्यावर पांढरी भुवई, चुन्याचं बोट ओढावं तशी."

'भुवई' ऐकताच काकांचं पेन जागच्या जागी थांबलं. "पुढच्या रविवारी ठरवू," ते पुटपुटले.

"आणि खोटं निघालं, तर मंडळातून नाव काढायचं," घड्याळजींनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. कोणी नाही म्हटलं नाही.

जिन्यात मीटरवाल्याने काकांना गाठलं. "काका, घरमालक म्हणतो, मीटर मुद्दाम वाढवून लिहिलंस. साहेब म्हणतो, गेलाच नव्हतास. दिवसभर माझं कोणाला खरं वाटत नाही. इथे मी बोललो की तुम्ही शाईने लिहिता, तेवढ्यासाठी येतो मी. नोंद नका घेऊ हवं तर. पण खोटा म्हणू नका."

काका 'बघू' म्हणाले आणि त्याच्या बुटांकडे बघत राहिले. बुटांना चिखलाचा टिपूसही नव्हता. बोरूच्या बेटात जाऊन आलेले बूट असे असतात का? मग आठवलं की मंगळवार होऊन पाच दिवस झाले. तरी मनातली पाल चुकचुकायची थांबली नाही.

घरी येऊन त्यांनी कपाटातलं पक्ष्यांचं पुस्तक काढलं. आपल्या भाषेतलं तेवढं एकच पुस्तक. मंडळातले सगळे त्याच्यावरच पोसलेले. ते काकांच्याच छापखान्यात छापलं गेलं होतं, आणि त्याची मुद्रितं काकांनीच तपासली होती. एकशे बाराव्या पानावर छपाईचे खिळे जुळवणाऱ्याने दोन परिच्छेदांची अदलाबदल केली होती. करड्या गप्पीदासाच्या खुणा बोरू गप्पीदासाच्या नावाखाली, आणि बोरूच्या करड्याखाली. काकांनी त्या पानावरचा एकूण एक अनुस्वार तपासला होता, आणि नेमकं हेच निसटलं. दोन वर्षांनी एका परदेशी पुस्तकात चित्रं पाहिली तेव्हा लक्षात आलं. प्रकाशकाला सांगितलं, तर तो म्हणाला, "असू द्या हो, पाखरं कुठे वाचायला येणार आहेत?" काकांनी आपल्या प्रतीत पेन्सिलीने दोन बाण काढले आणि तोंड मिटलं.

बोरू गप्पीदास वरून काळा, खालून पांढरा. त्याला भुवई नसतेच. म्हणजे ज्याने भुवई सांगितली त्याने पक्षी पाहिलाच नाही. त्याने पान पाहिलं. आपल्या चुकीचा असा सापळा झालेला बघून काकांना, खरं सांगायचं तर, जरा बरंच वाटलं.

"चोर सापडला," ते जेवताना बायकोला म्हणाले.

"तुम्ही पक्षी बघायला जाता की माणसं?" ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

तरीही पुरावा पक्का हवा, म्हणून मंगळवारी दुपारी काका पंपघरावर गेले. तिथल्या पंपचालकाला आडून आडून विचारलं, की मीटर बघणारा तो माणूस इकडे खरंच येतो का?

"येतो की. जेवणाच्या सुट्टीत. पलीकडच्या कठड्यावर बसून डबा खातो. म्हणजे डबा मांडीवर आणि डोळे बोरूत."

याला पढवून ठेवलेलं दिसतंय, असं काकांच्या मनात आलं. संशयाला एकदा घरात घेतलं की तो सगळ्या खोल्या बळकावतो. ते स्वतःच त्या कठड्यावर जाऊन बसले. कठडा सिमेंटचा होता, कोरडा. बुटांना चिखल लागायचं कारणच नव्हतं.

पाऊण तासाने एका बोरूच्या शेंड्यावर चिमणीएवढा पक्षी येऊन झुलला. काकांनी दुर्बीण लावली. करडी पाठ. काळी पट्टी. वर पांढरीशुभ्र भुवई. पक्ष्याने शेपटी दोनदा हलवली आणि तो निघून गेला.

काकांनी दुर्बीण खाली ठेवली. हा करडा गप्पीदास होता. मीटरवाल्याने भुवई डोळ्यांनी पाहिली होती, मग पुस्तक उघडलं होतं, आणि पुस्तकाने, म्हणजे वेलांटीकाकांनी, त्याला चुकीचं नाव सांगितलं होतं. प्रामाणिक माणूसही या पानावरून त्याच नावापाशी पोचणार, हे दोन दिवसांत आपल्याला सुचलं नाही, की आपण सुचू दिलं नाही?

त्याच संध्याकाळी त्यांनी वहीचं बावीस वर्षांपूर्वीचं पान उघडलं. त्यांचंच अक्षर होतं: 'बोरू गप्पीदास. भुवई पांढरी, ठळक.'

गप्प राहणं सोपं होतं. 'नोंद संशयास्पद' एवढे दोन शब्द पुरले असते. घड्याळजींची गोष्ट राहिली असती, काकांचा मान राहिला असता. गेला असता फक्त मीटरवाला. शनिवारपर्यंत काकांनी ते दोन शब्द मनात बऱ्याचदा लिहून पाहिले.

रविवारी ते उभे राहिले. वही लिहिणारा माणूस कधी उभा राहत नसे, म्हणून सगळे चपापले. त्यांनी पेन्सिलीचे बाण असलेलं पान सरळ टेबलावर उघडून ठेवलं आणि अडखळत सगळं सांगितलं. "यांनी पाहिलं ते खरं आहे. मीही पाहिलं. करडा गप्पीदास. नाव चुकलं ते माझ्यामुळे."

 मीटरवाल्याने रुमाल काढून नाक पुसलं आणि तो बराच वेळ पुसत राहिला.

घड्याळजींना समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे माझाही..."

"हो. तुमचाही करडाच."

"कधीपासून माहीत आहे हे?"

"छापलेली चूक वीस वर्षांपासून. तुमची नोंद मंगळवारी उघडून पाहिली."

"वीस वर्षं! वीस वर्षं तुम्ही माझी गोष्ट ऐकलीत, वर चहा पाजलात, आणि मला वेड्यात काढलंत!"

"करड्याची पहिली नोंद तरी घड्याळजींचीच," मीटरवाला मध्येच म्हणाला. "माझी दुसरी. तसंच लिहा, काका."

काकांनी शाईने तसंच लिहिलं आणि जुनी ओळ खोडली. घड्याळजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी वही आपल्याकडे ओढली.

"आणखी काय काय दडवलंयत?"

"काही नाही," काका म्हणाले. पण ते कानांना इतकं पोकळ लागलं की त्यांना स्वतःलाच खात्री वाटेना.

घड्याळजींनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि वही पहिल्या पानापासून तपासायला घेतली.