कानबाईची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. माझ्यात ज्वारी नाही, लुगडी नाहीत. माझ्या पोटात सदतीस पितळी सूर आहेत. भात्याने वारा भरला आणि पट्टीवर बोट पडले, की त्यातला एकेक जागा होतो.

आज मला धुळ्याला निघायचे आहे. माझ्या कडीला हळदीत बुडवलेले चार दोरे बांधले आहेत, म्हणजे चार गावांची बोलावणी आली आहेत. पहिला दोरा धुळ्याचा, एकवीरेच्या चैत्री यात्रेचा. दुसरा एरंडोलजवळच्या पद्मालयाचा, तिसरा नशिराबादचा आणि चौथा बोदवडच्या बाजाराचा. बाहेर गाडीवान अभिमन गाडीच्या आसाला वंगण घालतो आहे. बैल जुंपेपर्यंत थोडा वेळ आहे. तेवढ्यात माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म १९३१ साली जळगावात, नूर महंमद चाचांच्या दुकानात झाला. सातपुड्यातला साग त्यांच्या रंध्याखाली आला आणि कुरळ्या ढलप्या सांडत गुळगुळीत झाला. एकेक सूर चाचांनी कानाजवळ नेऊन, फुंकून, घासून माझ्यात बसवला. एका नाटक मंडळीने मला बनवायला सांगितले होते. पण मी तयार होईपर्यंत मंडळीच मोडली. मग दहा वर्षे मी फळीवर बसून राहिले. चाचा माझ्यावर खिळे ठेवीत, चहाची बशी ठेवीत. एकदा तर शेजारच्या रहिमाबीच्या कोंबडीने माझ्या डोक्यावर अंडे घातले. चाचा हसून म्हणाले, “चला, एवढ्या वर्षांत पेटीनं काहीतरी दिलं!” मला मात्र हसू आले नाही. पोटात सदतीस सूर असून कुणी हाक मारीत नाही, याचे दुःख कोंबडीला काय कळणार?

अभिमन हा गाडीवान चाचांना लाकूड आणून देई. एके दिवशी त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो तिथेच थबकला. पुढे वर्षभर तो लाकडे वाहत राहिला, आणि भाड्याऐवजी त्याने चाचांकडून मला मागून घेतले. त्याच्या घरी चौदा वर्षांची लेक वच्छला होती. सतत गुणगुणणारी.

वच्छलेची आई सुंदरबाई जीनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, किडका, डागाळलेला कवडी कापूस निवडायला जाई. पोर तान्ही असताना तिला कापसाच्या ढिगाशेजारी निजवी. सुटीचा भोंगा झाला की सगळी पोरे भोकाड पसरत. ही एकटी तोंडाचा चंबू करून भोंग्याबरोबर ‘आऽऽ’ करी. श्रावणात कानबाई येते, नारळाला डोळे आणि नथ लावून खान्देशातल्या घराघरांत बसते, तेव्हा सुंदरबाई तिची गाणी म्हणे. ती गाणीही वच्छलेने त्याच भोंग्याच्या सुरात उचलली होती.

मी घरी आले त्या संध्याकाळी तिने माझा भाता हलवला आणि डावीकडून एकेक पट्टी दाबू लागली. इतक्यात सहाचा भोंगा झाला. ती थांबली. कान देऊन राहिली. मग भराभर पट्ट्या दाबत गेली आणि माझ्या मधल्या सप्तकातल्या काळी चारवर, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर, तिचे बोट पडले. भोंगा आणि मी एक झालो.

“माय, देख! भोंगा पेटीमा शे!” ती ओरडली.

“पोटमा व्हती तव्हयपासून आयकस ती,” सुंदरबाई पदराने केसांतला कापूस झटकत म्हणाली.

त्या दिवसापासून काळी चार हा वच्छलेचा षड्ज झाला. तिचे गाणे तिथून निघे, तिथेच घरी येई.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! अक्षय्य तृतीयेच्या आखाजीचा झोका, लग्नाचा मांडव, गावचा बाजार, अभिमनची गाडी जिथे जाई तिथे आम्ही दोघी जात होतो. बायका जात्यावरून उठून येत. वच्छला स्वतः गाणी रचू लागली. तिचे एक गाणे तर पोरासोरांच्या तोंडी बसले:

“बोंड फुटनं कपाशीनं, हासनी काळी माय,
कानबाई, तुना दारमा लेक उभी शे, माय.”

‘माय’ या शब्दावर सूर षड्जावर येई आणि आम्ही दोघी मिळून तो लांबवीत असू.

मग १९४३ चा माघ आला. एरंडोलकडून कापूस भरून गाडी जळगावला निघाली होती. रस्ता खडकाळ. मी लाकडी फळीवर धडधडत होते. अभिमनला माझी दया आली.

“गाडी भलती आदळस,” तो म्हणाला. “पेटी कापूसमा ठेव. लेकरूसारखी ऱ्हाई ती.”

त्याने कापसात खळगा केला आणि मला गळ्यापर्यंत त्यात बसवले. इतकी मऊ गादी मला जन्मात मिळाली नव्हती. वच्छलेला राहवेना. ती तिथेच, कापसात मांडी घालून वाजवू लागली. आता भाता म्हणजे माझी छाती. ती श्वास घेते, तेव्हा आजूबाजूला असेल ते आत ओढते. कोस दोन कोस मी वाऱ्याबरोबर तंतू पीत राहिले. नशिराबादहून आलेल्या गाड्या भेटल्या तोवर माझी काळी चार घोगरी झाली होती. जळगाव येईपर्यंत ती बंद पडली.

अभिमन घाबरला. पोरीला कळू नये म्हणून त्याने गुपचूप माझे झाकण काढले आणि गोणपाट शिवायच्या सुईने तो तंतू उचकटायला गेला. तंतू निघाला. पण त्याबरोबर सुराची पितळेची जीभही मोडून त्याच्या तळहातावर आली.

चाचांनी ती जीभ पाहिली आणि कपाळाला हात लावला. “या अल्ला! अभिमन भाऊ, सुई घातली? पेटीच्या पायात काटा रुतला होता का?”

“कापूस अडकना व्हता…”

“एका फुंकरीनं निघाला असता, भाऊ.”

नवा सूर मिळेना. तो सूर समुद्रापलीकडून येई, आणि समुद्रावर लढाई पेटली होती. दुसरा सूर घासून बसवावा, तर तो खोकल्यासारखा वाजेल, असे चाचा म्हणाले. “बेटी, तू पट्टीच बदल. खालून गा.”

वच्छलेने दोन दिवस प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी मान हलवली. “चाचा, मना गळा तठेच उघडस.”

तिने काय केले ठाऊक आहे? त्या मुक्या पट्टीला हळदकुंकू लावले आणि म्हणाली, “हाई पट्टी कानबाईनी. आठे पेटी गप ऱ्हाई, मी देवीले हाक मारसू.” मग गाताना षड्ज आला की माझा आवाज बंद पडे आणि त्या पोकळीत तिचा नुसता गळा उभा राही. आधाराला देवी सोडून कुणी नाही. सुरुवातीला तो थरथरला. ती रोज पहाटे पाण्याला जाताना भोंगा ऐके आणि त्याच्याशी गळा ताडून पाही. सहा महिन्यांत तो खांबासारखा सरळ झाला.

पण लोक गळा कुठे ऐकतात? त्यांना पेटीतली फट ऐकू येई. बोलावणी कमी झाली. अभिमनचा थोरला भाऊ तोताराम घरातला कर्ता. तो एक दिवस ओसरीवर बसून म्हणाला, “दात पडेल पेटी अन् गावोगाव फिरणारी पोर! चांगली जोडी शे!”

“भाऊ, सुई मी घाली,” अभिमन खाली मान घालून म्हणाला. “सजा तिले का बरं?”

“सजा नही. एक संधी देस.” तोतारामने पानाला चुना लावला. “कापूस बाजारमा सत्यनारायण शे. बठ्ठा खान्देशना लोक येतीन. तठे गाऊ दे. एका बी गावनं बोलावनं उनं तर फिरू दे. नही उनं, तर पेटी चाचानी फळीवर, अन् पोर मायबरोबर जीनमा.”

वच्छलेने माझ्यावरची धूळ पुसली. फळी, खिळे, चहाची बशी, ती कोंबडी, सगळे मला आठवले.

सत्यनारायणाला पटांगण भरून गेले होते. गाणे चारला ठरले होते, पण आधी भाषणे झाली. एक व्यापारी कापसाची महती सांगता सांगता तीन वेळा पाणी प्याला. आमची पाळी आली तेव्हा ऊन कलले होते, लोक प्रसादाकडे बघू लागले होते आणि ताटकळून वच्छलेचा घसा कोरडा पडला होता.

तिने सुरुवात केली. ‘बोंड फुटनं कपाशीनं…’ पहिल्या ‘माय’ला माझी पट्टी मुकी राहिली. तिचा गळा आला, पण कापत आला.

“पेटीचा दात पडला रे!” मागून कुणीतरी ओरडले. हशा पिकला. पुढच्या रांगेत तोतारामने मांडीवर थाप मारली. अभिमन सुई धरणारा उजवा हात डाव्या हाताखाली लपवून बसला होता. वच्छलेची बोटे माझ्यावर गार पडली. मला वाटले, आता ही उठणार.

आणि सहाचा भोंगा झाला.

जीन पटांगणाला लागूनच होती. भोंग्याने सगळा आसमंत भरून टाकला. लोक आणखी हसले. कार्यकर्त्याने हाताने खूण केली, थांब, थांब. पण वच्छला थांबली नाही. तिने डोळे मिटले. तिची बोटे पुन्हा ऊबदार झाली. तो तिचाच षड्ज होता! पाळण्याआधीपासून कानात भरलेला, माझ्या पोटातून हरवलेला. गावभर पसरलेल्या त्या सुरावर तिने आपला गळा ठेवला, जसे कुणी आईच्या मांडीवर डोके ठेवावे.

“कानबाई, तुना दारमा लेक उभी शे, माय…”

गंधार मी दिला, पंचम मी दिला. षड्ज जीनने दिला. ती वर चढली, तारषड्जाला हात लावून आली, आणि भोंगा खाली उतरण्याच्या अगदी क्षणभर आधी ‘माय’वर येऊन उभी राहिली. भोंगा थांबला. तिचा सूर थांबला नाही. भोंगा कुठे संपला आणि पोर कुठे सुरू झाली, हे कुणालाच कळले नाही.

मग जीनच्या फाटकातून बायका बाहेर पडल्या. केसांत कापूस, भुवयांवर कापूस. सुंदरबाई त्यांच्यात होती. रोज त्यांना घरी सोडणारा भोंगा आज गाणे होऊन त्यांच्यासमोर उभा होता. त्यांतल्या भिकुबाईने पुढे येऊन पोरीच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटे मोडली. “माय व! वीस वरीस भोंगा आयकना, पन असा नही आयकना!” आणि मग टाळ्यांचा जो पाऊस पडला, तो माझ्या लाकडात अजून मुरलेला आहे.

बोदवडचे उखर्डू पाटील गर्दीतून वाट काढत आले. “बाई, आमच्या बाजाराला येशील का? पण एक अडचण आहे. आमच्या मैदानाजवळ भोंगा नाही.”

“भोंगा नसना तरी चालस, पाटीलबाबा,” वच्छला म्हणाली. “गळा शे.”

तिथल्या तिथे तीन गावांनी बोलावले. घरी जाताना मला उचलायला अभिमन वाकला, तर तोतारामने त्याला बाजूला सारले. पागोट्याची चुंबळ करून त्याने मला स्वतःच्या डोक्यावर घेतले आणि भर बाजारातून ओरडत निघाला, “बाजू व्हा! पेटी येई ऱ्हायनी! दात पडेल शे, पन राणी शे!” आता तो म्हणतो, वच्छलेला पेटी उचलणाराच नवरा पाहिजे. दोन पाहुणे आले, त्यांना त्याने आधी मला उचलायला लावले. दोघेही परत गेले.

लढाई संपली. गेल्या वर्षी चाचांचा पुतण्या चांद मुंबईहून आला, तो काडेपेटीत कापसाशिवाय, नुसत्या कागदात गुंडाळून एक पितळी सूर घेऊन आला. चाचांनी तो माझ्यात बसवला. वच्छला पुढे झाली नाही. तिने बापाचा उजवा हात धरला. “आबा, तुम्हीच दाबा.”

ज्या बोटांनी सुई धरली होती, ती बोटे माझ्या काळी चारवर आली. वच्छलेने भाता हलवला. मी गायले. इतकी वर्षे या पट्टीवर मुकी राहिलेली मी, मित्रांनो, पूर्ण गायले. अभिमनने दुसऱ्या हाताने डोळे झाकले आणि पट्टीवरचे बोट मात्र उचललेच नाही. शेवटी चाचाच म्हणाले, “भाऊ, आता सोड. तिला श्वास घेऊ दे.”

आता मी धडधाकट आहे. तरीही प्रत्येक गावात पहिल्या ओळीला वच्छला त्या पट्टीवर बोट ठेवीत नाही. ती ओळ कानबाईची. दुसऱ्या ओळीपासून षड्ज माझा. आणि गाणे संपले की त्या गावाचा दोरा ती कडीवरून सोडून देवीपुढे ठेवते.

तुमच्या घरीही एखादी पेटी, ढोलकी, निदान एखादी बासरी असेल. तिच्यावर चहाची बशी ठेवू नका. तिला मायेने जपा. पण माया करताना ती श्वास कुठून घेते, हेही पाहा. अभिमनसारखा मायाळू माणूस मी पाहिला नाही, आणि माझा सूर त्याच्याच हातून गेला.

झाले, बैल जुंपले. सुंदरबाई माझी खोळ घेऊन आली. तिनेच शिवलेली, जाडजूड, बोटबोट अंतरावर टाके घातलेली. आत कापूस भरलेला आहे, एरंडोलच्याच शेतातला. मऊपणा तोच, पण आता त्यातला एक तंतूही बाहेर येत नाही.

“नीट बांध व,” अभिमन गाडीवरून म्हणतो आहे. “धुळं लांब शे.”

जीनचा भोंगा होतो आहे. खोळीच्या आत, माझ्या काळी चारला हलकेच कंप सुटला आहे. आणि गाडीवर वच्छलेने ‘आऽऽ’ लावला आहे.