रिकामं जाणारं विमान

धनसिंगला परदेशात नोकरी लागली त्या दिवशी तांड्यावर डफडं वाजलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भांडण लागलं.

दारव्ह्याच्या हायस्कुलात गणित शिकवणारा धनसिंग हा तांड्यातला पहिला बीएस्सी. साल एकसष्ट. इथिओपिया नावाच्या देशाला इकडचे मास्तर हवे होते. तीन वर्षांचा करार, पगार इथल्याच्या चौपट. मुंबईपासून विमानाचं तिकीट तिकडचं सरकार देणार होतं, पण एकट्या मास्तराचं. बायकोपोरं न्यायची असतील तर ज्यानं त्यानं आपलं पाहावं.

"बाईमाणूस कायले न्यायचं?" तांड्याचा नाईक हिरासिंग ओट्यावर बसून म्हणाला. तो धनसिंगचा काका. "तीन सालं तं अशी निंगून जातात. हंसा राह्यते इथं, पोरं राह्यतात. तू पैसे धाडत जा."

धनसिंगची आई रूपीबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. हातातली भाकरी तिनं तव्यावर अशी आपटली की नाईकानं दचकून पाय वर घेतले.

"तुमच्या भावानं मले हेच सांगतलं होतं, भाऊजी. निजामाच्या मुलखात सडकेच्या कामाले जातो म्हणे, सालभरात येतो. चार सालांनी आला. हा धनसिंग तवा माह्या मागं लपला अन् मले इचारे, याडी, हा कोन मानूस हाये? पैसा आला होता, भाऊजी. मानूस आला नाई."

नाईकानं वर घेतलेले पाय पुन्हा खाली सोडले. मरेपर्यंत आपला भाऊ घरात पाहुण्यासारखा वावरला, हे त्यानंही पाहिलं होतं.

"जाईन तं हे घर सगळं जाईन," रूपीबाई म्हणाली. "बायको अन् लेकरं सोडून एकटा जात असंल तं याची नोकरी मी चुलीत घालतो."

हंसाबाई, धनसिंगची बायको, दाराआड उभी होती. थोरांपुढं बोलायची तिची रीत नव्हती. ती ओढणी पुढं ओढून ऐकत राहिली.

बोलून मोकळं होणं सोपं असतं, तिकीट काढणं अवघड. घरात होते साडेअकराशे रुपये, कापसातून उरलेले आणि पगारातून मागं टाकलेले. यवतमाळला कुणाला विमानाचं काही माहीत नव्हतं. म्हणून पोरं शेजारी ठेवून मायलेक आणि सून, तिघंही एस. टी. नं नागपूरला गेली. हंसाबाईनं काखेत एक कापडी पिशवी घट्ट धरली होती. तिच्यात पासपोर्ट होते. घरातली सगळी सरकारी कागदं तीच सांभाळायची.

नागपूरच्या कचेरीत टाय बांधलेला एजंट होता. रूपीबाईच्या कोपरापर्यंतच्या बांगड्या आणि आरशांची कांचळी तो टक लावून पाहत होता. बाईंचं पूर्ण तिकीट, दोन मुलांचं निम्मं निम्मं, असं मांडून त्यानं आकडा सांगितला. दोन हजार.

धनसिंग उठलाच. मास्तर माणूस, त्याला वजाबाकी लगेच कळते.

रूपीबाई मात्र बसून राहिली. "यातलं रिकामं कोनतं जाते?" तिनं विचारलं.

"काय?"

"विमान. भरून येते अन् रिकामं जाते, असं कोनतं हाये?"

तिचा प्रश्न वेडाचा नव्हता. तिचा बाप लदेणीवाला होता. पाठीवर गोण्या लादलेले शंभर बैल घेऊन तो मारेगावच्या बाजूचा कापूस पोचवायचा, आणि ती पोरवयात त्या बैलांमागं चालली होती. माल पोचवून परतताना पाठी मोकळ्या असत. तेव्हा वाटेत कुणी काही दिलं, मीठ म्हणा, भांडी म्हणा, तर बाप अर्ध्यात, पाव भाड्यातही घ्यायचा. बैल भरला असो की रिकामा, चारा तेवढाच खातो. हे गणित तिला कुठल्या शाळेनं शिकवलं नव्हतं, पण तिच्या रक्तात होतं.

तिनं ते एजंटाला समजावून सांगितलं. तो हसला. "आजीबाई, विमान चारा खात नाही."

"मंग काय हवेवर चालते? तेल तं पीत असंल ना?"

बाजूचा कारकूनही हसला. धनसिंगचे कान लाल झाले. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "याडी, लोकं हसून राह्यले आपल्यावर."

"हासू दे. हासले म्हणून भाडं वाढत नाई."

ती भर उन्हात तरातरा चालत राहिली. तिला राग आला होता, आणि राग आला की तिचं डोकं फार चांगलं चालायचं. असा कोणता माल आहे, जो सगळा एकदम जातो आणि सगळा एकदम परत येतो? कापूस जातो, परत येत नाही. लग्नाचं वऱ्हाड जातं आणि येतं, पण ते विमानानं नाही. आणि मग तिला दारव्ह्याच्या तेलवाल्याची म्हातारी आई आठवली. महिन्यापूर्वी हार घालून, सगळ्या बाजाराचे मुके घेत ती हजला निघाली होती. विमानानं.

"धनसिंग," ती मध्येच थांबून म्हणाली, "हजवाले गेले सगळे एकदम. आता हज झाली. येतीन बी सगळे एकदम. मंग त्याहीले आनाले जे विमान इथून जाईन, ते भरून जाईन का रिकामं?"

गणिताचा मास्तर भर रस्त्यात उभा राहिला. मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली, शिवी दिली, तरी तो हलला नाही.

विचारत विचारत तिघं मोमिनपुऱ्यात पोचली. एका अरुंद दुकानात पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. हजच्या यात्रेकरूंची तिकिटं काढून देणं हाच त्यांचा धंदा. सगळे त्यांना हाजीसाहेब म्हणत. रूपीबाईनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. या खेपेला कुणी हसलं नाही. हाजीसाहेबांनी टाक खाली ठेवला.

"अम्मा, बैठो," ते म्हणाले. "इतने साल हो गये, आजतक किसीने ये नहीं पूछा."

मग त्यांनी धनसिंगला सांगितलं. भाड्यानं घेतलेली विमानं हाजींना आणायला जेद्द्याला जातात, आणि जाताना खरोखरच रिकामी जातात. वाटेत एडनला तेल भरायला उतरतात. एडनपर्यंत बसवून घ्यायला कंपनी तयार होईल, हाजीसाहेबांनी स्वतः विचारलं तर. एडनहून इथिओपियाला लहान विमान जातं. मास्तरांचं सरकारी तिकीट त्याच तारखेचं करून घेता येईल, म्हणजे सगळ्यांनी एडनला भेटायचं आणि पुढं बरोबर जायचं.

त्यांनी मुंबईला ट्रंककॉल लावला. फोन लागायला दुपार झाली. हाजीसाहेबांनी चहा मागवला; रूपीबाईनं तो बशीत ओतून, हाजीसाहेबांच्या नातवंडांची चौकशी करत प्याला. शेवटी मुंबई बोलली. एडनपर्यंत माणशी अडीचशे, पोरांचे निम्मे.

"अडीचशे?" रूपीबाईनं बशी खाली ठेवली. "रिकाम्या विमानाचे? न्यायचंच हाये त्याले, आमी बसलो नाई तं काय तेल वाचते त्याचं? दीडशे."

हाजीसाहेब फोनमध्ये ओरडून बोलले. पलीकडून कुणी तरी ओरडून बोललं. असं दोनदा झालं. दोनशेवर सौदा पटला. पुढच्या लहान विमानाचे माणशी आणखी दोनशे, पोरांचे निम्मे, ते मात्र ठरलेले होते.

दोन हजारांचं काम आठशेवर आलं होतं. रूपीबाईची छाती भरून आली. आता नाईकानं बोलून दाखवावं काही! तिची सून आपल्या नवऱ्याजवळ राहील, नातवंडं बापाला ओळखत मोठी होतील. तिला आणखी काही नको होतं.

हाजीसाहेबांनी कागद पुढं ओढला. "नाम बोलो. मास्तरसाब को छोडके कितने?"

"तिघं," धनसिंग म्हणाला. "बायको अन् दोन लेकरं."

"चार लिवा," हंसाबाई म्हणाली.

दुकानात सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं ओढणी मागं सारली होती. पिशवीतून तिनं पासपोर्ट काढून टेबलावर ठेवले. एक धनसिंगचा, एक तिचा आणि पोरांचा मिळून. त्यावर तिनं तिसरा ठेवला. त्यात रूपीबाईचा फोटो होता, कपाळाला आठ्या घातलेला.

"हे काय हाये?" रूपीबाई म्हणाली.

"दारव्ह्याच्या बाजारात फोटो काढला होता ना, तो याच्यासाठीच होता. कागदावर अंगठा बी तुमचाच हाये. तुमी इचारलं नाई, मी सांगतलं नाई."

रूपीबाईनं पोराकडं पाहिलं. धनसिंग मान खाली घालून म्हणाला, "फारम मीच भरला, याडी. पन पैसे पुरतीन असं वाटलं नाई, म्हून बोललो नाई."

"अन् मी कायले येऊ?" रूपीबाईचा आवाज चढला. "शेत कोन पाहीन? म्हैस कोन पाहीन?"

"नाईककाका पाह्यतीन. मले ठेवून घ्यायची लय हौस होती त्याहीले, आता म्हैस ठेवून घ्या म्हना."

"मी म्हातारी. तिकडं मेली तं?"

"मरा खुशाल," हंसाबाई म्हणाली. तिचे डोळे सासूवरून हलले नाहीत. "आमच्यात मरा. मामंजीनं तुमाले चार सालं मागं ठेवलं. मी एक दिस बी ठेवनार नाई. तुमी नाई तं मी बी नाई. तुमी इथं रोज भाकर करून एकटीनं खाऊन राह्यल्या, हे मले तिकडं दिसन. मंग कोनता घास उतरन माह्या गळ्याखाली?"

उभ्या जन्मात रूपीबाईला कुणी उत्तर दिलं नव्हतं असं नाही, पण गप्प कुणी केलं नव्हतं. तिनं सगळ्यांचा हिशेब केला होता. त्या हिशेबात ती स्वतः कुठंच नव्हती, आणि हे घरात फक्त एकीच्याच लक्षात आलं होतं. तिला रडू आलं. रडू आल्याचा तिला भयंकर राग आला. तिनं ओढणीनं तोंड खसाखसा पुसलं.

हाजीसाहेब खिडकीबाहेर पाहत होते. मग ते खाकरले. "तो फिर बारह सौ होते हैं."

धनसिंगनं पैशांची पुरचुंडी टेबलावर सोडली. साडेअकराशे. परतीच्या एस. टी. चे तेवढे खिशात होते.

रूपीबाईनं खुर्ची पुढं ओढली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली आणि बांगड्या खणखणल्या.

"हाजीसाहेब, पन्नास कमी करा."

"अम्मा, अभी तो आप दो सौ पर राजी हुई थीं."

"तवा तिघंच जाऊन राह्यले होते," रूपीबाई म्हणाली. "आता सगळे जाऊन राह्यलो. लावा फोन."