आस्तासाठी थांबलेले हात

आमच्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष एगॉन. जन्मभर डुकरं हाकली, आता माणसं हाकतो. गेल्या वर्षी तोंडात साखर घोळवत माझ्या दारात आला. "ग्रेथे, तू आजारी पडलीस तर आम्ही काय करायचं गं? सगळी गीतं एकदा कॉम्प्युटरला जोडलेल्या कीबोर्डवर वाजवून ठेव की."

ऑर्गन वाजवणारी मी एकटीच, आणि आजारपण काय सांगून येतं? वाजवून ठेवली. त्या फायलींत आवाज नव्हताच. कोणती पट्टी कधी दाबली आणि किती वेळ दाबून ठेवली, एवढीच नोंद. एगॉनच्या जावयाने त्या उघडल्या तेव्हा खेळण्यातल्या पियानोसारखं टिंगटिंग झालं, आणि मी निर्धास्त घरी आले.

पण जावई चिकट. त्याने आमच्या ऑर्गनच्या एकेका पट्टीचा आवाज टिपला, तो माझ्या फायलींना जोडला आणि कॉम्प्युटरकडून प्रत्येक गीताचं रेकॉर्डिंग करून घेतलं. मग मंडळाच्या बैठकीत कॉफी ओतता ओतता एगॉन म्हणाला, "ऑर्गनवादकाची जागा उन्हाळ्यापासून बंद करू या."

मी भडकले. "तुझा डबा वाजेल, पण थांबेल का? आपल्याकडे सगळे म्हातारे. ओळ संपली की त्यांना दम घ्यावा लागतो. मी वर सज्जात त्यांच्याकडे पाठ करून वाजवते, पण आरशात त्यांना बघते आणि थांबते. डबा कुणासाठी थांबणार?"

"रविवारी बघू," तो म्हणाला. "लोकांना गाता आलं नाही तर जागा तुझी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी जिंकल्यातच जमा होते.

त्या रविवारी मी पहिल्यांदाच खाली बाकावर बसले. स्पीकरमधून गीत सुरू झालं. पहिली ओळ संपली आणि डबा थांबला, बरोब्बर दम घेण्यापुरता. दुसऱ्या ओळीनंतरही थांबला. तिसऱ्या ओळीनंतर तर चांगला लांब थांबला. तो थांबा आस्ताचा होता. दम्याने बेजार, तरी तिसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द हट्टाने ओढत नेणारी आस्ता. ती फेब्रुवारीतच गेली. कीबोर्डवर वाजवताना माझ्यासमोर कुणीसुद्धा नव्हतं, तरी हात तिच्यासाठी थांबले होते. असे थांबे पुसून ठेका सरळ करायचं एक बटण असतं त्या प्रोग्रॅममध्ये. जावई मेल्याने तेवढं दाबलं असतं तर माझी जागा वाचली असती.

आस्ता नव्हती, पण लोक सवयीने तिच्यासाठी थांबले आणि पुढची ओळ सगळ्यांनी एकदम उचलली. इतकं छान ते माझ्या वाजवण्यावर कधी गायले नव्हते. मला रडू येत होतं आणि एगॉनच्या कानाखाली वाजवावीशीही वाटत होती.

नंतर कॉफीच्या टेबलापाशी खाटकाची विधवा सिग्ने माझा हात धरून म्हणाली, "अगदी तूच वाजवतेयस असं वाटलं गं."

"मीच वाजवत होते."

"मग झालं तर," मागून एगॉन म्हणाला. "तक्रार कसली?"

त्याने लोणी लावलेला पाव माझ्यापुढे धरला. सगळे बघत होते. मी तो घेतला.