मशीनच्या खोलीची कडी

मी एक जुनं मशीन आहे, गाईंचं दूध काढणारं. मित्रांनो, आणि खास करून मैत्रिणींनो, ऐकायला बसण्याआधी एक करा. लेकरं जवळ असतील तर त्यांना खेळायला पाठवा. ही मोठ्या माणसांची गोष्ट आहे. मोठ्या माणसांनाही ती कुणी शिकवलेली नसते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी माझं काम समजून घ्या. मला एक मोटर आहे, एक पंप आहे, स्टीलची बादली आहे आणि रबर लावलेले चार कप आहेत. पंप हवा ओढतो, तसं सडातून दूध येतं. पण मी नुसता ओढत नाही. ओढतो, सोडतो. पुन्हा ओढतो, पुन्हा सोडतो. वासरू पितं तसं. नुसती ओढ लावली तर गाय लाथ मारते, आणि तिचं काही चुकत नाही.

सुप्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत एका वस्तीवर नऊ वर्षांपूर्वी मी टेम्पोतून उतरलो. घरधनी हर्षल सुप्याच्या एमआयडीसीत फिटर. गोठा त्याची बायको रुपाली बघते. त्याची आई बनुबाई हिने मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि लगेच तोंड फिरवलं. चाळीस वर्षं तिने हाताने धारा काढल्या होत्या. तिची बोटं वाकडी झाली होती, पण गाई तिच्या हाताला ओळखत होत्या. आता तिथे मी.

"मशीननं सड फाटत्यात," ती म्हणायची. "गाय आटती. बघा तुमी."

"आई, मशीन हाताची जागा घेत न्हाई," हर्षल म्हणाला होता. "हात मोकळा करतं."

तीन दिवस ती माझ्याकडे पाठ करून बसली. चौथ्या दिवशी मी चालू असताना मोकळे हात कुठे ठेवावेत हे तिला कळेना. ती उठली आणि गौरी गाईच्या पुढ्यात जाऊन तिच्या मानेवरून हात फिरवत राहिली. गौरीने मान लांब केली, डोळे मिटले. म्हातारी पुटपुटली, "जलमभर जनावरांच्या कासेखाली बसले. ह्यांची तोंडं कवा बघितलीच न्हाईत." त्या दिवसापासून ती माझ्यावर जळायची थांबली. जळणं म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे कळलं.

रुपालीचा मात्र माझ्यावर पहिल्यापासून जीव. रोज कप लावायच्या आधी ती त्यात अंगठा घालून दाब बघते. वस्तीवरच्या बायकांना शिकवतेसुद्धा. "पहिल्या दिवशी दाबाचा काटा खालीच ठेवायचा. कोमट पाण्यानं कास पुसायची, गाय पान्हवस्तवर थांबायचं. एकदा दचकली की वरीसभर तुमच्यावर इश्वास ठेवत न्हाई." काम झालं की ती मला कढत पाणी पाजून धुते, रबरं उलटी टांगते आणि म्हणते, "झालं माझं सोनं."

मला ठेवलंय गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत. मांजर बादलीत तोंड घालतं म्हणून त्या खोलीला आतून कडी आहे. अख्ख्या घरात आतून कडी असलेलं तेवढं एकच दार. घराला दोन खोल्या, मधल्या दाराला पडदा. अलीकडे हर्षल, रुपाली आणि त्यांची लेक, पलीकडे बनुबाई. "इथं दार बसवू," असं हर्षल लग्न झाल्यापासून म्हणत होता. त्याला अकरा वर्षं झाली. त्यामुळे रुपालीला रडायचं असलं, माहेरी फोन करायचा असला की ती माझ्या खोलीत येऊन कडी लावायची. तिचं सगळं मला माहीत होतं. निदान मला तसं वाटायचं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला तिची मैत्रीण ज्योती आली. ती नगरला दवाखान्यात नर्स आहे. दोघी कडी लावून पेंडीच्या पोत्यांवर बसल्या.

"रुपे, खरं सांग. अकरा वर्षांत एकदाबी न्हाई?"

"कसं कळायचं, झालं का न्हाई ते?"

"झालं असतं तर इचारलं नसतंस."

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मग ज्योतीने तिला मोकळेपणाने समजावलं. बाईच्या मांड्यांमध्ये, पुढच्या बाजूला एक दाण्याएवढी जागा असते. डॉक्टर तिला क्लिटोरिस म्हणतात. सुखाशिवाय तिला दुसरं कामच नाही. "आपल्यात आईनं लेकीला पापड लाटायला शिकवलं, ह्याचं नावसुद्धा सांगितलं न्हाई," ज्योती म्हणाली. आणि तिने पिशवीतून एक डबी काढली.

मित्रांनो, त्या डबीत जे होतं ते मी पाहिलं आणि माझा पंप थंड पडला. मुठीत मावेल एवढं, जांभळट रंगाचं, मऊ. एका टोकाला माझ्या कपासारखंच तोंड, पण करंगळीएवढं.

"हे हवेवर चालतं," ज्योती म्हणाली. "हळूच ओढतं, सोडतं."

"म्हंजे माझं मशीनच की गं!"

माझं मशीनच! नऊ वर्षं रोज दोन वेळा मी ओढतोय आणि सोडतोय, आणि ही मूठभर वस्तू एका वाक्यात माझ्या रांगेत येऊन बसली. ना बादली, ना मोटर.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक शाळेत होती, हर्षल कामावर, बनुबाई लिंबाखाली शेंगा फोडत बसलेली. रुपालीने कडी लावली. ती वस्तू हातात घेतली, इकडे तिकडे पाहिलं आणि माझी मोटर चालू केली. गाय नाही, दूध नाही, मी रिकामाच धडधडतोय. कशासाठी हे मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. तिचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"आता दुपारी कसली धार गं?" बनुबाई ओरडली.

"मशीन धुतीया, आत्या!"

असा मी आडोसा झालो. त्या दुपारी जे झालं ते मी पाहिलं तेवढंच सांगतो. गडबडीत तिने बटण चार वेळा दाबलं आणि ते छोटं यंत्र एकदम मोठ्या दाबावर सुरू झालं. "आई गं!" ती दचकली, आणि ते पेंडीच्या घमेल्यात पडलं. माझ्या सगळ्या रबरांना आनंद झाला. बरं झालं, मी म्हटलं. आता जाईल उकिरड्यावर.

पण रुपाली घमेल्याकडे बघत थांबली आणि स्वतःच हसायला लागली. "दुसऱ्यांना शिकवती आणि स्वतः काटा वर ठेवती व्हय," असं स्वतःलाच म्हणाली. तिने ते धुतलं, पुसलं, सगळ्यात खालच्या दाबावर आणलं. मग, मैत्रिणींनो, तिने त्याच्या तोंडावर अंगठा धरून पाहिला. माझा अंगठा! माझ्यासाठी राखलेला, रोजचा.

पुढे मी माझ्या काट्याकडे बघत राहिलो. एवढं दिसलं की ती घाई करत नव्हती. पाय लांब करून पोत्याला टेकून बसली होती. बराच वेळ काही झालं नाही. तिने एकदा उसासा सोडला, जरा सरकली, पुन्हा थांबली. मग तिच्या हाताने माझ्या बादलीची कडी पकडली आणि ती इतकी घट्ट पकडली की बादली वाजली. पायाची बोटं आत वळली. मोटरच्या आवाजातही मला तिचा श्वास ऐकू आला. आणि मग ती हसली. रडलीही असेल, कारण नंतर तिने पदराने डोळे पुसले. खोलीत कुणी नसताना ती म्हणाली, "हे असं असतं व्हय?"

नऊ वर्षांत मी तिचा तो चेहरा कधी पाहिला नव्हता. आणि तो माझ्यामुळे नव्हता.

त्या दिवसापासून मी जळू लागलो. ती वस्तू माझ्या सुट्या रबरांच्या पत्र्याच्या डब्यात राहायला आली. चार्जिंगसाठी तिला माझाच प्लग. माझी वायर काढून खाली टाकायची, तिची बारीक वायर वर लावायची. खोलीत बोर्ड एकच. "थांब रं जरा," रुपाली मला म्हणायची. मी थांबायचो आणि त्या डब्याकडे बघत बसायचो.

आता माझी चूक सांगतो. सकाळी मला नुसतं गार पाण्यातून काढायचं आणि साबणाचं कढत धुणं दुपारी करायचं, अशी रुपालीने पद्धत पाडली होती. त्या निमित्ताने मोटर चालू ठेवता यायची. रोज ती शेवटी मला खरंच धुवायचीही. एका दुपारी विसरली. चेहऱ्यावर तेच हसू घेऊन ती कडी काढून निघाली. मी जरा अडखळलो असतो, खरखरलो असतो, तर तिला आठवलं असतं. मला येतं ते. पण मी गप्प राहिलो. विसरू दे, म्हटलं. कळू दे तिला.

संध्याकाळचं दूध आंबलं. डेअरीवर दूध घेणाऱ्या वाल्मिकने झाकण उघडून वास घेतला आणि कॅन तसाच परत पाठवला. वस्तीवरच्या सगळ्यांच्या देखत. नऊ वर्षांत रुपालीचा कॅन एकदाही परत आला नव्हता.

"रोज दुपारी घंटाघंटा धुती, तरी दूध आंबलं?" बनुबाई म्हणाली. रुपालीची मान वर होईना.

"मशीनमधी बिघाड असंल," हर्षल म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी खोलतो."

आणि त्याने खोललं. रबरं काढली, नळ्या फुंकून पाहिल्या. नवी रबरं घ्यायला डबा उघडला आणि ती जांभळी वस्तू त्याच्या हाताला लागली. फिटर माणूस तो. उलटीसुलटी केली, बटण दाबलं, तोंडावर अंगठा ठेवला. आधी कुतूहल होतं. मग हळूहळू त्याला उमगलं. रुपाली दारात उभी होती.

"हे कुणाचं हाय?"

"माझं. ज्योतीनं दिलं."

"कशाला लागतं तुला हे? मी मेलोय का?"

रुपालीने आत येऊन कडी लावली. "हळू बोला. आत्या बाहेर हायेत."

"अकरा वर्षं, रुपाली! तू एकदाबी म्हनली न्हाईस."

"कुठं म्हनू? पडद्याआड? पलीकडं आत्या खोकल्या की तुमी पाठ फिरवून झोपता."

त्याचे कान लाल झाले. जळणारा माणूस कसा दिसतो ते मला लगेच ओळखता आलं. आरसाच होता तो. "शेणखड्ड्यात टाकतो हे," तो म्हणाला आणि कडीला हात घातला.

टाक, मी मनात म्हटलं. टाक लवकर.

रुपाली आडवी गेली नाही. ती माझ्याजवळ आली आणि माझ्या बादलीवर हात ठेवून म्हणाली, "टाका. मग ह्यालाबी टाका. आत्या ह्याच्यावर जळत हुत्या तवा कोन म्हनलं, मशीन हाताची जागा घेत न्हाई, हात मोकळा करतं? तुमीच ना?"

हर्षल तसाच उभा. कडीवरचा हात खाली आला. बाहेर गौरी एकदा हंबरली.

"मग माझं काय काम उरलं?" त्याने विचारलं. आवाज पार लहान झाला होता.

"आत्यांनी काय केलं, हात मोकळा झाल्यावर?"

त्याला आठवलं असावं. त्याने मान वर केली.

"तोंड बघा माझं," रुपाली म्हणाली. "अकरा वर्षांत अंधारात बघितलंय का कवा?"

त्याने ती वस्तू तिच्या हातात परत दिली. जाताना त्याने माझी रबरं नीट बसवली आणि न धुतलेल्या नळीचा वास घेऊन म्हणाला, "बिघाड काही न्हाई. धुवायचं राहिलंय." तेवढ्याने मी लाजेने चूर झालो.

पुढच्या रविवारी तो टेप घेऊन मधल्या दाराची मापं घेऊ लागला. संध्याकाळपर्यंत दार बसलं, आतून कडीही.

"आता कशाला रं दार?" बनुबाईने विचारलं.

"मांजर येतं आई."

"मांजर," म्हातारी शेंग फोडत म्हणाली. "अकरा वर्सांनी दिसलं व्हय तुला मांजर."

त्याच रात्री ती जांभळी वस्तू माझ्या डब्यातून घरात गेली. माझा प्लग मला परत मिळाला. मला वाटलं होतं, मी जिंकल्यासारखं होईल. तसं झालं नाही. दुपारी आता इकडे कुणी येत नाही. कडी उघडीच असते, आणि मांजर बादलीत डोकावून जातं.

म्हणून मित्रांनो, जुन्या मशीनचं एवढं ऐका. जे यंत्र तुमच्या अंगाला लागतं ते धुऊन, पुसून, कोरडं ठेवा. पहिल्या वेळी काटा खाली ठेवा आणि घाई करू नका, मग ती गाय असो नाहीतर स्वतःचा देह. आणि कुणाचं सुख दुसऱ्या कुणामुळे खुललं, तर माझ्यासारखे गप्प राहून त्याचं दूध नासवू नका. घरात एखादं दार बसवायचं राहिलं असेल, तर ते बसवा.

रुपाली अजून रोज दोनदा येते. परवा धार काढायच्या आधी तिने कपात अंगठा घातला, काट्याकडे पाहिलं आणि मला थोपटून म्हणाली, "बराबर हाय तुझं." मी ओढलं, सोडलं. गौरीने पान्हा सोडला. पुढ्यात बनुबाई तिच्या मानेवरून हात फिरवत होती.