फ्रिजवरचा हॅनिगन

चौतीस वर्षं मी सोलापुरात गणित शिकवलं, बोर्डाचे पेपर तपासले. कुणाला किती मार्क द्यायचे याबद्दल माझा कधी गोंधळ झाला नाही. पण परदेशात, एनिस गावी लेकीकडे आलो आणि माझी बारा वर्षांची नात अपूर्वा मला रोज नापास करू लागली.

विषय होता डॅरिल हॅनिगन. अमेरिकेत बेसबॉल खेळणारा माणूस. त्याचा पणजोबा म्हणे इथल्याच क्लेअर जिल्ह्यातला, म्हणून हिचा तो लाडका. त्याचे फोटो छापलेली, जमवायची दहा कार्डं तिच्याकडे होती. शनिवारी लांबच्या डून लेरी गावी कार्डं जमवणाऱ्यांचा मेळावा होता, तिथे ती दहाही क्रमाने मांडून परीक्षकांना दाखवायची होती. उन्हाळ्यापासून तिची तयारी चालली होती. क्रमाची यादी फ्रिजच्या दारावर लावलेली असायची आणि तीत दर दोन दिवसांनी खाडाखोड.

मी म्हणालो, यात एवढं काय आहे? माणूस एकच, ज्यात तो बरा दिसतो ते पहिलं. मला आवडलेल्या कार्डात तो बॅट खांद्यावर टाकून छान हसत होता. ते अपूर्वाने नववं लावलं होतं. पहिल्या नंबरच्या कार्डात महाशय बाकावर बसून नाक खाजवत होते, आणि मागच्या बाजूला नाव छापलं होतं भलत्याच खेळाडूचं.

"अगं, हे चुकलंय."

"म्हणूनच पहिलं, आजोबा." ती मराठी सगळं समजते, बोलते मात्र इंग्रजी, तेही इथल्या हेलात, त्यामुळे माझ्यापर्यंत निम्मंच पोचतं. तिने मला समजावलं, की छापखान्याची चूक असेल तर कार्ड वर जातं. आपली चूक असेल, म्हणजे घडी पडली, डाग लागला, तर खाली येतं.

"चूक ती चूक," मी म्हणालो. "कुणी का केलेली असेना."

तिने कपाळावर हात मारून घेतला. मला राग आला, पण खरं सांगतो, बरंही वाटलं. दीड महिन्यात ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती.

बुधवारी खंडेनवमी होती. ज्याचं काम ज्या वस्तूवर चालतं, ती त्या दिवशी पूजेत मांडायची. माझी लेक शर्वाणी इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, तिने स्टेथोस्कोप दिला. मी माझं लाल पेन ठेवलं. अपूर्वाला म्हटलं, तुझं काहीतरी आण. मला वाटलं वही-पुस्तक आणेल. ती जिन्यावरून खाली आली ती पहिल्या नंबरचं कार्ड घेऊन, जाड प्लॅस्टिकच्या डबीतलं. मला इतका आनंद झाला की पुढचं काही सुचलंच नाही.

"डबीतून काढ. कव्हरसकट पूजा होत नाही."

ती घुटमळली. मग कडांना धरून तिने ते बाहेर काढलं आणि पाटावर ठेवलं.

"आणि उद्या मी हलवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही," मी वर्गातल्या आवाजात बजावलं.

मग नेहमीप्रमाणे ओल्या बोटाने एकेकाला हळद-कुंकू लावत गेलो. स्टेथोस्कोपला, पेनाला, हॅनिगनच्या कपाळाला. दप्तर पाठीवर अडकवून अपूर्वा समोरच उभी होती. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले, आणि बस येईपर्यंत कार्डाकडे बघत राहिली. मला वाटलं, पोरीत श्रद्धा आहे.

दसऱ्याला सकाळी मी अक्षता टाकून पूजा हलवली आणि कार्ड तिच्या हातात दिलं. कुंकू आत मुरलं होतं, कपाळापासून थेट नाकापर्यंत. तिने कापसाने हळूहळू पुसून पाहिलं. निघालं नाही.

"बाबा, अहो हे काय केलंत," शर्वाणी म्हणाली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मग काल का नाही पुसलंस?" मी अपूर्वाला विचारलं. "ओलं होतं तेव्हाच निघालं असतं."

तिला माझा प्रश्नच कळला नाही. "तुम्ही सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून."

मुलांनी ऐकावं म्हणून मी चौतीस वर्षं घसा कोरडा केला. ही ऐकणारी भेटली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळेतून आल्यावर ती पेन्सिल घेऊन यादीपुढे बसली. मी म्हणालो, दहावं टाक, डाग तो डाग, नियम तुझाच आहे. तिने दहावं लिहिलं आणि खोडलं. पहिलं लिहिलं, तेही खोडलं.

"ही चूक कुणाची धरायची?" तिने विचारलं.

"माझी."

"पण तुम्ही तर त्याची पूजा करत होतात."

छापखान्याची चूक नव्हती हे नक्की. आपली म्हणावी, तर मी डाग पाडायला गेलोच नव्हतो.

"मला ठरवता येत नाहीये," ती म्हणाली.

"मलाही," मी म्हणालो. इतक्या दिवसांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

शनिवारी पहाटेच मायलेकी नऊ कार्डं घेऊन निघाल्या. उरलेलं, कुंकवाचं कार्ड अपूर्वाने फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलं, यादीच्या शेजारी, पण यादीबाहेर. उंबऱ्यात ती वळली. बोट वर करून, हुबेहूब माझ्या आवाजात, मराठीत म्हणाली, "मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

दूध फ्रिजमध्ये होतं. मी दिवसभर कोरा चहा प्यायलो.