सोनेरी काठाची पांढरी

राजेश्वरीचं पत्र येऊन सोळा दिवस झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. ही माझी भाची, सुप्याच्या एका कंपनीत नोकरीला. तिथल्याच एका केरळच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं, त्रिशूरला, त्यांच्या पद्धतीनं. फोनवर मी अडखळतो हे तिला माहीत, म्हणून पत्र. ‘मामा, त्यांच्याकडे नवरी सोनेरी काठाची पांढरी साडी नेसते. मला ती फार आवडली. पण आई म्हणते, पांढरं नेसणार असलीस तर मी येणार नाही. ती तुमचंच ऐकते. समजवाल का?’

सोनईच्या वाचनालयात मी तीस वर्षं पुस्तकं सांभाळली, म्हणजे मला उत्तरं माहीत असणार, असा सगळ्यांचा समज. मी पुस्तकं काढली. चीनमध्ये पांढरं सुतकाचं, नवरी लाल. युरोपात नवरी पांढरी, सुतक काळं. आपल्याकडे काळं अशुभ, पण मंगळसूत्राचे मणी काळे आणि संक्रांतीची साडीही काळी. वाचावं तितका गोंधळ वाढला.

लग्नाला दहा दिवस उरले तेव्हा धीर करून विजयमालाकडे गेलो. माझी धाकटी बहीण, राजेश्वरीची आई. बावीस वर्षं पांढऱ्या लुगड्यात. शेंगा फोडत बसली होती. मी वही उघडली आणि चीनपासून सुरुवात केली.

“चीनला कुनाचं लगीन हाय, दादा?”

“तसं नाही. म्हणजे रंगाला मुळात अर्थ असा...”

“आन् तू? जल्मभर पांढरा सदरा, पांढरी टोपी. समद्या लग्नात पुढं बसतोस. तुला कुनी म्हनलं का घरी जा म्हनून?”

मी वही मिटली.

“हे गेले तवा सासूनं पांढरं लुगडं पुढ्यात टाकलं. नेस म्हनली. नेसले. तेच पोरीच्या अंगावर बघू व्हय मी?”

“तिच्या पुढ्यात कुणी टाकलेलं नाही. तिनंच पसंत केलंय.”

हे कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. बरोबर बोललो की चूक, कळेना. तिनं हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली.

“मंग मी काय नेसू तिथं?”

“तुला कोणता रंग आवडतो?”

“काय की. इसरले.”

एवढ्या वर्षांत मीही तिला हे कधी विचारलं नव्हतं.

घरी येऊन लिहिलं, ‘चि. राजेश्वरी, पांढऱ्याचा अर्थ मला सापडला नाही. तू ती साडी नेस. आई येते आहे. आधी तिला साडीच्या दुकानात ने आणि घाई करू नकोस.’

येते आहे, असं ती कुठं म्हणाली होती? ‘काय नेसू’ म्हणजे येणार, असं मीच धरलं. ते वाक्य दोनदा खोडलं, दोनदा पुन्हा लिहिलं.

पोस्टातला गहिनीनाथ म्हणाला, “सर, मोबाईलवर दोन मिनटाचं काम हुतं.”

“हो ना,” मी म्हणालो. पाकीट परत मागावंसं वाटलं. तोवर त्यानं शिक्का मारला होता.