डोलकाठीचा बाक

डोलकाठी हिवाळाभर होडीवर उभी ठेवायची नसते, हे किह्नू बेटावर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. बर्फ पडायच्या आत ती उतरवायची, कोठाराच्या उत्तरेच्या वळचणीला भिंतीतल्या खुंट्यांवर आडवी निजवायची आणि समुद्र मोकळा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. खुंट्या मात्र एका रेषेत हव्यात. मधला आधार गेला की काठी मध्ये वाकून पोट सोडते, आणि एकदा सुटलेलं पोट माणसाचं काय नि काठीचं काय, सहजी आत जात नाही.

म्हाताऱ्या मिह्केलने दोरी ताणून खुंट्या ठोकल्या, नवी कोरी पाइनची काठी त्यांच्यावर ठेवली आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी समुद्रापलीकडे पर्नू शहरात लेकीकडे गेला. मग समुद्र गोठला आणि तो तिकडेच अडकला.

घरात त्याच्या बायकोचं, हेल्मीचं राज्य. नवरा घरी असताना वेगळं काही असायचं अशातला भाग नाही. नातीच्या लग्नाचा पट्ट्यापट्ट्यांचा घागरा विणायचा होता. रंगवलेल्या लोकरीच्या लडी खाली दगड टांगून वाळवाव्या लागतात, नाहीतर सूत कुरळं होऊन बसतं. वाळवणाचा दांडा बर्फाच्या ओझ्याने मोडलेला, आणि वळचणीला ही गुळगुळीत काठी आयती पडलेली. लडी टोकाकडून ओवायच्या तर मधल्या खुंट्या आड येत होत्या. हेल्मीने त्या उपटल्या, लडी ओवल्या आणि नवऱ्याच्याच जाळ्याचे दगड त्यांना लटकवले. दोन दिवसांचं तर काम, म्हणाली. पण लाल झाला की निळा, निळा झाला की हिरवा. हिवाळा तसाच सरला.

म्हातारा येतोय असा निरोप आला तेव्हा तिला खुंट्यांची आठवण झाली. जुन्या भोकांत त्या बसेनात. काठीच मध्ये खाली आली होती. मग तिने त्या जराशा खाली ठोकल्या, जुनी भोकं डांबराने बुजवली आणि हात धुऊन घरात आली.

मिह्केल आला तो आधी कोठाराकडेच गेला. काठीच्या टोकाशी वाकून एक डोळा मिटला, बराच वेळ बघितलं. मग दुसरा मिटून बघितलं.

"काय रे म्हाताऱ्या, पर्नू दिसतंय का तिकडून?" हेल्मीने विचारलं. आपला आवाज तिचा तिलाच नकोसा झाला.

तो हसला नाही. खुंट्यांवरून हात फिरवत म्हणाला, "दोरी लावून ठोकल्या होत्या गं. म्हणजे मला दोरीसुद्धा नीट दिसली नव्हती."

बोलायची वेळ तीच होती. पण गेली दोन वर्षं हीच बाई त्याला उठता-बसता आंधळा म्हणत आली होती. कॉफीत मीठ पडलं की आंधळा, मोजा उलटा घातला की आंधळा. आता त्याला ते पटलं होतं.

जेवताना त्याने काळा पाव नुसताच कुस्करला. गुडघा गेला, आता नजरही गेली, तेव्हा होडी पुतण्याला देऊन टाकतो, म्हणाला. ज्याला काठी सरळ ठेवता येत नाही त्याने समुद्रावर जाऊ नये. हेल्मी गप्प बसली. ती गप्प बसली यावरून तरी त्याला संशय यायला हवा होता.

सकाळी पुतण्या आर्ने काठी न्यायला गाडी घेऊन आला. त्याने काठी पाहिली आणि फार मायेने म्हणाला, "असू दे काका, वयाबरोबर सगळ्यांचंच होतं हे."

मिह्केलने मान खाली घातली. ज्याचं नाक हेल्मीने पुसलं होतं, तो पोरगा तिच्या नवऱ्याची कीव करत होता, आणि ती कीव तिने पदरचं डांबर लावून त्याच्यासाठी कमावली होती. ती आत गेली, सुरी घेऊन आली आणि भिंतीवरचं डांबर खरवडू लागली.

"ही बघ तुझी भोकं," ती म्हणाली. "एका रेषेत आहेत. मी बुजवली. लोकर वाळवली तुझ्या काठीवर, तुझेच दगड टांगून."

आर्ने आपल्या बुटांकडे बघू लागला. मिह्केलने एकेका भोकात बोट घालून पाहिलं. तो चिडला असता तर तिच्यापाशी शंभर उत्तरं होती.

"काल जेवताना का नाही बोललीस?" त्याने विचारलं.

हेल्मी सुरीवरचं डांबर पुसू लागली.

"दगड कुठायत?"

आर्नेची गाडी रिकामी परत गेली. दोघांनी काठी उलटी केली, पोट वर घेतलं, मधल्या खुंट्या काढल्या आणि दगड टांगले. दगड हेल्मीनेच वाहिले, एकेक करून. काठी बरीच सरळ झाली, पुरती नाही.

त्या उन्हाळ्यात मिह्केल रोज समुद्रावर गेला. दुरून शिडाचा बाक दिसला की किनाऱ्यावरच्या बाया म्हणायच्या, "हेल्मी, तुझा आला बघ." हेल्मी मासे साफ करत राहायची, वर बघायची नाही.

लग्नात सगळ्या बायांनी नातीचा घागरा हातात घेऊन पाहिला. रंग तर छानच, पण सूत किती सरळ बसलंय, म्हणाल्या.

हेल्मी भांडी घासायला आत निघून गेली.